आधी वेग, मग वजन

६ जानेवारी, सोमवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. रोज नाही जमलं, तर ज्या दिवशी डोकं तापेल त्या दिवशी तरी. म्हणजे रोजच.

प्रथम परिस्थिती. कॉलेज सुटलं त्याला चार महिने झाले. सुटलं म्हणजे मी सोडलं. प्रॅक्टिकलच्या मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर ‘माफी माग’ म्हटलं. मी म्हटलं, आधी माझी चूक दाखवा. त्यांनी दाखवली. मग मला निघून येण्याशिवाय मार्गच उरला नाही. तेव्हापासून दादाच्या रंगाच्या दुकानात डबे हलवतो. दादाला वाटतं मी कायमचा काउंटरमागे बसावं. पांढऱ्या रंगाच्या सगळ्या छटा पाठ करत म्हातारं होण्याची माझी तयारी नाही.

म्हणून आज अग्निशमन दलाच्या भरतीचा अर्ज भरला. शारीरिक चाचणी पंधरा मार्चला. शंभर मीटर चौदा सेकंदांच्या आत, आणि त्यानंतर वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठे न टेकवता. दोन्ही जमलं तर नोकरी. एक जरी चुकलं तरी घरी. दादाशी करार झाला आहे : पास झालो तर तो तोंड उघडणार नाही, नापास झालो तर मी. दुसऱ्या दिवसापासून निमूटपणे दुकान. आई साक्षीला होती.

खरं कारण वेगळं आहे, ते इथे लिहायला हरकत नाही. डिसेंबरात मैदानावर लेन आखायचा पांढरा रंग पोचवायला गेलो होतो. ती पळत होती. बस्स. परत येताना दोन डबे तिथेच विसरलो. मग चौकशी केली, तर ती याच भरतीच्या तयारीत आहे. लोकांचे जीव वाचवण्याची ओढ मला तशी लहानपणापासूनच आहे.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी उजाडायला मैदानावर. ती नाही. कुणीच नाही. फक्त सर, भरतीच्या पोरांना तयार करणारे. सर एके काळी म्हणे वाऱ्यासारखे पळायचे. आता वारा येईल तिकडे प्लास्टिकची खुर्ची फिरवून बसतात. त्यांनी कॉलेजचं विचारलं. मी सगळं सांगितलं, मुद्देसूद. मध्ये थोडा आवाज चढला असेल.

“बरं, भडक्या,” सर म्हणाले. “आग विझवणाऱ्यांत भडक्याला घेतात का, ते विचारून आलास?”

म्हणजे नाव पडलंच.

मग त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि माझा आठवडा लिहून दिला. सोमवार, गुरुवार : आधी वेग, मग वजन. बुधवार : हलकं, अंग सैल करायचं. शनिवार : चढावर पळणं. मंगळवार, शुक्रवार, रविवार : काही नाही.

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काही नाही.”

“हो, पण नेमकं करायचं काय?”

“जेवायचं. झोपायचं. आईने हाक मारली तर ओ द्यायची.”

मी म्हटलं, सर, मला चौदाच्या आत यायचंय, पेन्शनीत नाही निघायचं. त्यावर त्यांनी बरंच सांगितलं. वेग ताज्या पायांनी शिकायचा असतो. दमलेले पाय पळवले तर ते हळू पळायलाच शिकतात. म्हणून वजन नंतर उचलायचं, पण त्याच दिवशी, म्हणजे कष्टाचा दिवस पुरता कष्टाचा होतो आणि मधल्या दिवसांत पाय सावरतात. ताकद उचलताना येत नाही, उचलून झोपल्यावर येते.

ऐकायला छान आहे. पण हे सगळं खुर्चीत बसलेला माणूस सांगतो आहे, हेही लक्षात घ्यायला हवं.

९ जानेवारी, गुरुवार

ती आली. तिला सगळे ‘घड्याळ’ म्हणतात, कारण पुठ्ठ्यावर जे लिहिलं असेल ते ती लिहिल्याप्रमाणे करते, एक फेरी जास्त नाही, एक कमी नाही. सरांनी मला तिच्या मागे चार पावलांवर उभं केलं. ती पुढून पळणार, मी मागून गाठायचं. गाठलं नाही. पण पाठीमागून पळताना माणसाचा स्वभाव कळतो. मान अजिबात हलत नाही तिची.

स्टॉपवॉचवर माझं चौदा पूर्णांक एक आलं. सर म्हणाले, पहिल्या दिवसाला वाईट नाही. मला ते ‘पहिल्या दिवसाला’ आवडलं नाही.

नंतर शेडमध्ये वजनं. बारला डिस्क लावताना ती म्हणाली, “उद्या संध्याकाळी मी तळ्याकाठी चालते. नुसतं. पाय मोकळे होतात. तुलाही उद्या सुट्टी आहे ना?”

“मला नाही.”

“पुठ्ठ्यावर तर आहे.”

“पुठ्ठा सरांचा. पाय माझे. उद्या मी आमच्या गल्लीतल्या जिममध्ये स्क्वॉट मारणार आहे.”

“उद्या? आणि परवा चढ?”

“परवा चढ.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. छाप पडली असावी.

२० जानेवारी, सोमवार

माझा आठवडा आता असा आहे. सोमवार, गुरुवार सरांसमोर पळणं आणि वजन. मंगळवार, शुक्रवार, रविवार सरांच्या माघारी जिम, फक्त पाय. बुधवारी हलकंच करतो, पण जोरात. म्हणजे ती जेवढं करते त्याच्या दुप्पट. हिशेब सरळ आहे : दुप्पट केलं तर निम्म्या दिवसांत होईल, आणि उरलेल्या दिवसांत तिच्याशी बोलता येईल.

आज चौदा पूर्णांक तीन. वारा उलटा होता. बूटही जरा घट्ट आहेत. सरांचं स्टॉपवॉच फार जुनं आहे.

घरी जिना तिरका तिरका, खेकड्यासारखा चढलो. वहिनी वरून बघत होती. “भावजी, नोकरी शिडीवर चढायची आहे ना?” म्हणाली. “नाही, आपलं विचारलं.”

२७ जानेवारी, सोमवार

सरांशी वाजलं.

“काल काय केलंस?”

“काही नाही.”

“ये, या खुर्चीत बस बघू.”

मी बसलो. बसता बसता तोंडून ‘आई गं’ निघालं.

“हे तुझं काही नाही बरंच जड दिसतंय,” सर म्हणाले.

मग माझाही ताबा सुटला. मी म्हटलं, जगात कुठलीही गोष्ट कमी करून वाढलेली मी पाहिलेली नाही. सर म्हणाले, “तू पीठ मळताना पाहिलंयस का? मळून झाल्यावर झाकून ठेवतात.” मी म्हटलं, मी पीठ नाही. ते म्हणाले, “पीठ बरं. ते ठेवलं तिथे राहतं.”

ती शेजारी बुटाच्या नाड्या बांधत होती. हसली. माझ्या बाजूने हसली की सरांच्या, ते कळलं नाही. पण तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या आगीत एक धाव पळालो. चौदा पूर्णांक सहा. बहुधा राग पुरेसा नव्हता.

जाताना ती जवळ येऊन म्हणाली, “एक रविवार मोकळा सोडून बघ. एकच. आपण कुठेतरी बसू.” म्हणजे तीही सरांच्याच पक्षात. बसू म्हणे. मी तिच्यासाठी मर मर मरतोय, आणि ती मला बसायला सांगते आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज शेडमध्ये तिने तिसऱ्यांदा विचारलं. “उद्या तळ्याकडे येतोस का? सहा वाजता. पुलाजवळच्या बाकावर.” बारकडे बघत म्हणाली, माझ्याकडे नाही. कान लाल झाले होते. वजन जास्त लावलं असणार, सरांना सांगायला हवं.

मी म्हटलं, “जमलं तर बघतो.” असं म्हटल्याने किंमत राहते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

झोपून लिहितो आहे. पालथा. कारण पुढे येईल.

ठरवलं होतं की आधी स्क्वॉट पूर्ण करायचे, मग तळ्यावर जायचं. घामाने भिजलेला, थकलेला, असा तिने मला बघावं. स्क्वॉटना वेळ लागला. साडेसहा झाले. पुलाच्या अलीकडे पोचलो आणि थांबलो.

ती बाकावर बसली होती. तिच्या एका बाजूला बाकावर चहाचे दोन कप होते. कागदी. दोन.

म्हणजे कुणीतरी येणार होतं. ती मधून मधून रस्त्याकडे बघत होती. केस मोकळे सोडले होते. मैदानावर कधी सोडत नाही. एखाद्यासाठी माणूस इतका वेळ चहा धरून बसतो म्हणजे साधं प्रकरण नव्हे. आणि मला काय म्हणून बोलावलं? दाखवायला? मी झाडामागे उभा राहिलो, तो कोण आहे ते तरी बघावं म्हणून. तो आला नाही. पावणेसातला तिने एक चहा प्यायला, दुसरा झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि निघून गेली.

मी तिथून थेट मैदानावर. कुणी नव्हतं. वॉर्मअप कसला करतोय. स्पाइक्स घातले आणि सुटलो. आयुष्यात इतक्या जोरात पळालो नसेन. साठाच्या खुणेपाशी उजव्या मांडीच्या मागे रबर तुटल्यासारखं झालं आणि मी लेनमध्ये तोंडावर पडलो. आमच्याच दुकानचा रंग नाकाला लागला.

दादाला फोन करावा लागला. त्याने मला गाडीवर मागे बसवलं आणि घरी आणलं. दारात म्हणाला, “उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तुझं तर मांडीपर्यंत गेलं.”

९ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर म्हणतात स्नायू तुटलेला नाही, ताणला आहे. तीन आठवडे पळणं बंद. जिम बंद. चालायचं, रोज थोडं थोडं. त्यानंतर बघू. मी म्हटलं, पंधरा मार्चला चाचणी आहे. ते म्हणाले, “मग आजपासून चालायला लागा.” डॉक्टरांच्या अंगातही विनोद असावा, ही आपल्या नशिबाची कमाल.

दादाने दुकानात माझ्यासाठी उंच स्टूल आणून ठेवलं आहे. आत्तापासूनच.

१० फेब्रुवारी, सोमवार

ती दुकानात आली. मी काउंटरवर, पाय दुसऱ्या स्टुलावर. दादा एकदम म्हणाला, मला जरा गोडाउनला जायचंय. गोडाउन आमच्याकडे नाही.

“सर म्हणाले, पाय गेला,” ती म्हणाली.

“जाईल कुठे? इथेच आहे.”

“चालायला सांगितलंय ना? चल मग. मी मैदानावर जाते त्या वेळेला येत जाईन. एकटा चाललास तर तू पळशील.”

दया आली असणार. मला दया नको आहे, असं मी स्पष्ट म्हणणार होतो. पण तोवर तिने माझी चप्पल सरळ करून पुढे ठेवली होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विशेष काही नाही. ती आली. तळ्याला एक फेरी. माझ्या लंगडण्यामुळे तासभर लागला. तिने चहा घेतला, दोन. म्हणाली, “त्या शुक्रवारी चहा वाया गेला. आलाच नाही येणारा.” म्हणजे तो खरंच आला नाही तर. कोण आहे हा दगड? तिच्यासारखी मुलगी वाट बघते आणि हा येत नाही. भेटला तर सांगीन त्याला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

विशेष काही नाही. चाललो. तिने सांगितलं, ती मावशीकडे राहते. मावशी कपडे शिवायच्या कारखान्यात कॉलर लावते, दिवसभर फक्त कॉलर. शेजारचं मशीन रिकामं होतं आहे. चाचणीत नापास झाली तर त्या मशीनवर ती. “मला कॉलर लावायची भीती वाटत नाही,” म्हणाली. “मला भीती वाटते की मला त्याची सवय होईल.”

लहानपणी त्यांच्या समोरच्या इमारतीला आग लागली होती तेव्हा दलातली एक बाई शिडीवरून एका आजोबांना खांद्यावर टाकून उतरली. खाली आल्यावर आजोबा म्हणाले, माझा चष्मा वर राहिला. बाई म्हणाली, “मग जा, घेऊन या.” हे सांगताना ती इतकी हसली की आम्हाला थांबावं लागलं.

असं काहीबाही बोलणं होतं. प्रशिक्षणाच्या दृष्टीने दिवस फुकट.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज आधी भांडलो, मग चाललो. वहिनीने डब्यात उकडलेली अंडी दिली होती, दोघांसाठी. वहिनीला कुणी सांगितलं?

भांडण असं. मी तिला विचारलं, “तू सोमवारी या वेळेला मैदानावर असायचीस ना?”

“सकाळी लवकर पळून घेते.”

“आणि वजनं?”

“करीन की नंतर.”

दोन आठवडे ती हेच म्हणते आहे. शेड संध्याकाळीच उघडी असते, नंतर कधी करणार? आळस शिरला तिच्या अंगात. मी म्हटलं, “घड्याळ म्हणतात तुला, बंद पडलं की काय?” आणि शिस्तीवर चार शब्द ऐकवले. पोतं काही बोलण्याने उचललं जात नाही, असं म्हटलं. ती म्हणाली, “तुझा पाय कसा आहे?” विषय बदलायची तिला सवय आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी सोडलं. सर म्हणाले, आता पुठ्ठ्यावरचं अक्षर न् अक्षर पाळणार असशील तरच स्पाइक्स घाल. सोमवार, गुरुवार थोडं पळणं, मग अगदी हलकी वजनं. चढ रद्द. मी हो म्हटलं. अडला हरी. रविवारी स्क्वॉट मारायला जाणार होतो, पण जिमचं दार म्हणे दादाने मालकाशी बोलून माझ्यापुरतं बंद केलं आहे. अख्ख्या गावाला कळलं आहे की मी मूर्ख आहे, म्हणजे कुणीतरी गैरसमज पसरवतंय.

१० मार्च, सोमवार

आज स्टॉपवॉचने तेरा पूर्णांक सात दाखवलं. सरांनी ते झटकलं, कानाला लावलं, पुन्हा पळायला लावलं. पुन्हा तेच. मला वाटलं होतं महिनाभर बसून गंज चढला असेल. उलट पाय असे हलके की आपले वाटेनात.

“का झालं असेल असं?” सरांनी विचारलं. माझी परीक्षाच घेत होते.

मी म्हटलं, “जानेवारीतले स्क्वॉट. आता फळ देतायत.”

सरांनी खुर्ची दुसरीकडे वळवली.

ती शेडमध्ये पोतं उचलत होती. अर्ध्यावर टेकवलं. “हात सटकला,” म्हणाली. मी म्हटलं, मी आधीच बोललो होतो.

१५ मार्च, शनिवार

झालं.

तेरा पूर्णांक सहा. पोतं तर मी गाणं म्हणत नेलं असतं. यादीत तिसरा. दादा दोरीबाहेर उभा होता. त्याने दुकान बंद ठेवलं होतं. दुकान रविवारीसुद्धा उघडं असतं.

मुलींची फेरी दुपारी. धावण्यात ती पहिली आली, दुसरीला बरीच मागे टाकून. मग पोतं. मुलींना जरा हलकं असतं. अर्धं अंतर ठीक. मग तिचा उजवा खांदा खाली जायला लागला. मी दोरीला धरून ओरडत होतो, काय ओरडत होतो आठवत नाही. पांढरी रेघ पाच-सहा पावलांवर होती. पोतं आधी कमरेवर आलं, मग गुडघ्यावर. तिने ते टाकलं नाही. तिने ते खाली ठेवलं, हळू, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसं. आणि सरळ उभी राहिली.

मी दोरीखालून आत घुसलो. अधिकाऱ्याला म्हटलं, जमीन उताराची आहे, पोतं ओलं आहे, पुन्हा घ्या. आवाज चढला. त्याने माझा क्रमांक विचारला. तेवढ्यात ती मध्ये आली. “ह्यांचं काही ऐकू नका,” त्याला म्हणाली. आणि मला, हलक्या आवाजात : “एकाच दिवशी दोघांना घरी बसवायचंय का तुला? नीघ.”

निघालो. ती मावशीबरोबर गेली. वळून पाहिलं नाही. मान अजिबात हलली नाही.

१६ मार्च, रविवार

घरात आनंद आहे. आई सगळ्यांना फोन करते आहे. दादा करारानुसार तोंड उघडत नाही, नुसता माझ्या पाठीवर थापा मारतो आहे. आता पंधरा दिवसांचीच गोष्ट : एक एप्रिलला दुसऱ्या गावी प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं. मुलींची पुढची भरती सप्टेंबरात.

दुपारी वहिनीजवळ बसलो. मी म्हटलं, कळत नाही वहिनी, जानेवारीत ती पोतं घेऊन दोन फेऱ्या मारायची. आणि मला बघ, महिनाभर नुसता चाललो तरी पास. नशीब आंधळं असतं हेच खरं.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. “रोज चाललात तुम्ही दोघं?”

“रोज कुठे. तिच्या मैदानाच्या वेळेला. सोमवारी, गुरुवारी.”

“संध्याकाळी?”

“हो.”

“त्या वेळेला ती आधी काय करायची, भावजी?”

मी म्हटलं, “वजनं.”

वहिनीने एक घडी घातली, दुसरी घातली. मग उठून आत गेली.

१८ मार्च, मंगळवार

दोन दिवस झोप नाही. ते कपही आठवले. बाकावर तिने पुलाकडे नव्हे, आमच्या गल्लीच्या रस्त्याकडे तोंड केलं होतं. त्या दगडाला भेटलो तर सांगीन, असं मी वर कुठेतरी लिहिलं आहे. भेटला. सकाळी आरशात.

ठरवलं : नोकरी घ्यायची नाही.

२० मार्च, गुरुवार

संध्याकाळी शेडवर गेलो. ती होती. सर दारात, खुर्चीत. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, की मला सगळं कळलं आहे, तुझी जागा माझ्यामुळे गेली, मी रुजू होणार नाही, उद्याच दलाला कळवतो.

ती बारच्या डिस्क काढत होती. काढून झाल्यावर म्हणाली, “मग काय करशील?”

“दुकानात बसेन.”

“आणि मी मशीनवर. संध्याकाळी दोघं तळ्याकाठी बसून उसासे टाकू. छान आहे. पुठ्ठ्यावर लिहून घेऊया.”

“अगं, पण तू माझ्यासाठी...”

“हे बघ, भडक्या. सोमवारी यायचं, गुरुवारी यायचं, हे मी ठरवलं. मला कुणी ढकललं नव्हतं. बुधवारी चाललो असतो तरी चाललं असतं, मंगळवारी चालता आलं असतं. तेवढं मला सुचलं नाही, कारण सोमवारपर्यंत थांबायचंच जिवावर यायचं, मंगळवार कुठला.” हे बोलून ती एकदम थांबली, आणि रिकाम्या बारवरून हात फिरवत राहिली. “पोतं मी खाली ठेवलं. ते मला राहू दे. तेही तू उचलून घरी नेऊ नकोस.”

सर म्हणाले, “तिचं संपलं असेल, तर वजनाला लागा. गुरुवार आहे.”

पण पोतं नव्हतं. शेडचं पोतं शनिवारीच भरतीवाल्यांनी नेलं होतं, परत आलं ते फाटून, वाळू कोपऱ्यात पडली होती. सरांनी वाळूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पोत्यापेक्षा जड आहे,” ते तिला म्हणाले. “आणि वळवळतं. पण खऱ्या आगीत माणसं वळवळतातच.”

मी म्हटलं, सर, भलतंच काय. मैदानावर लोक होते. कोपऱ्यात लांब उडीची पोरं होती. मुलींचा रिले गट होता. पण तिने वाकून माझा उजवा हात धरला, खांदा माझ्या पोटाखाली घातला आणि उठली. उठताना तोंडातून आवाज आला, तिच्या की माझ्या, ते सांगता येणार नाही.

जग उलटं झालं. सरांची खुर्ची वर, आभाळ खाली. कुणीतरी शिट्टी मारली. महिन्यापूर्वी मी त्याचं तोंड फोडलं असतं. आता माझं तोंड तिच्या पाठीशी होतं आणि एक हात तिच्या मुठीत. दिसत होत्या फक्त तिच्या टाचा. एकेक पाऊल मोजून पडत होतं. तिच्या फासळ्या आत-बाहेर होत होत्या, ते माझ्या पोटाला कळत होतं.

मला बोलायचं होतं. पहिल्या दिवसापासूनचं सगळं, विसरलेल्या दोन डब्यांपासून. मी तोंड उघडलं.

“बोललास तर टाकीन,” ती म्हणाली.

मी तोंड मिटलं. अंग सैल सोडलं. हात लोंबू दिले. काहीही करायचं नाही हे इतकं अवघड असतं, हे मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं.

अर्ध्याच्या पुढे तिचा खांदा खाली आला. ती थांबली नाही. थांबल्यासारखी झाली, मला जरासं वर उडवून नीट घेतलं आणि चालली. पांढरी रेघ माझ्या डोळ्यांखालून उलटी गेली. मग आणखी दोन पावलं, बहुतेक खात्रीसाठी. मग तिने गुडघे वाकवून मला खाली उतरवलं, पायांवर, हळू.

कमरेवर हात ठेवून ती धापा टाकत होती. चेहरा लालबुंद. केस तोंडावर आलेले. मी काहीतरी म्हणणार, एवढ्यात तिने बोट वर केलं, थांब म्हणून. दोन श्वास घेतले. मैदानाच्या त्या टोकाकडे, सरांच्या खुर्चीकडे पाहिलं.

“परत,” म्हणाली, आणि वाकली.